पांढऱ्या डाळिंबाची गुटी

(श्रावणातली सकाळ. सिडकोतल्या एका घराचं अंगण, कडेला पांढऱ्या डाळिंबाचं झाड. करुणा आणि तिचा नवरा राजकुमार यांच्याकडे तिची जुनी मैत्रीण रूपा आली आहे. हातातली पिशवी तिनं अजून खाली ठेवलेली नाही.)

करुणा : तिसरी गुटीपण वाळली? शहराच्या टोकाला तुमच्या त्या सातारा परिसरातला मुरूमच वाईट, रूपा. तरी मी म्हणत होते, डाळिंबाचा नाद सोड, जास्वंद लाव.

रूपा : तिसरी नाय वाळली. लावलीच नाय. पिशवीत हाय.

राजकुमार : मग लावा की, रूपाताई! श्रावण सरत आला.

रूपा : हिनं दिलेल्या पहिल्या दोन लावल्या ना, दाजी. दोन ट्रॉल्या काळी माती टाकली. नळ आमच्याकडं आठव्या दिवशी येतो, तरी तांदूळ धुतलेलं पाणी राखून ठेवायचे अन् घालायचे. वाटलं, माझाच हात वाईट.

करुणा : असं काही नसतं गं. चहा टाकू?

रूपा : बस. तू म्हणाली व्हतीस, गोणपाट सोडू नको, मुळं कवळी असत्यात, तसंच पुर. दोनदा तसंच पुरलं. ह्या बारीला सोडलं.

करुणा : सोडलंस?

रूपा : हे बघा, दाजी. ह्या काडीला एक मूळ दाखवा मला.

राजकुमार : नाहीये... पण कधीकधी नाही फुटत मूळ. त्यात हिची काय चूक?

रूपा : गुटी बांधताना फांदीची बोटभर साल गोल सोलावी लागती, तवा मुळं फुटत्यात. इथं चाकूच लागला नाय. साबूत फांदी तोडली, शेवाळ गुंडाळलं, वरून गोणपाट. सुतळीच्या गाठी मात्र लई निगुतीनं मारल्यात.

राजकुमार : करुणा?

करुणा : विसरले असेन.

रूपा : वाळलेल्या दोन्हीबी उकरून बघितल्या. तशाच. तीनदा विसरलीस?

राजकुमार : रूपाताई, खामखा मनाला लावून घेऊ नका. या झाडात हिचा जीव अडकलाय. सासूबाईंची एवढीच खूण राहिली. प्रदर्शनात फुलांची फांदी नेतो ना, तेव्हा पाटीवर त्यांचंच नाव लिहिते ही.

रूपा : कुणाचं?

राजकुमार : हिच्या आईचं. त्यांनीच तर दिलं हे झाड.

रूपा : सांग, करुणा.

करुणा : तुम्ही जरा आत जा हो.

रूपा : थांबा, दाजी. हे झाड गावाकडं, पिशोरला, आमच्या न्हाणीमागं व्हतं. फूल पांढरं, दाणाबी पांढरा. माझ्या आईनं, चंपाबाईनं, गुटी बांधली अन् मी यष्टीत मांडीवर घेऊन आणली.

राजकुमार : कधी? मला कसं माहीत नाही?

रूपा : तुमची बदली व्हती नांदेडला. मी शहागंजात, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत. माझ्याकडं माती नव्हती, हिच्याकडं व्हती. म्हणून हिला सांभाळायला दिलं. माझं घर झालं की एक फांदी दे, एवढंच बोलले. मग पिशोरचं झाड रस्त्यात गेलं. आई गेली. आता हे एकच हाय.

राजकुमार : करुणा, खरंय हे?

करुणा : पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं, कुठून आणलं. तोंडून निघून गेलं, आईनं दिलं. मग दरवर्षी तेच. पेपरात छापून आलं. रूपाच्या दारात फुललं असतं तर लोकांनी तिलाही विचारलं असतं.

रूपा : अन् मी खरं सांगितलं असतं.

करुणा : हो.

रूपा : मला सांगून तर बघायचं व्हतं. गप बसले असते गं मी, तुझ्यासाठी. पण तू मला दोन वर्षं मेलेल्या काडीला पाणी घालू दिलंस. मी रडत आले, तर म्हणालीस, माती वाईट.

करुणा : चुकलं माझं. आज बांधते. तुझ्यासमोर साल सोलते.

रूपा : चाकू इकडं दे.

करुणा : ती फांदी नको ना. तिच्यावर यंदा चार फळं धरलीत.

रूपा : हीच पायजे. दाजी, घरात आरपार दिसणारी पन्नी असंल तर द्या. गोणपाट नको. मुळं फुटलेली मला बाहेरून दिसली पायजेत.

राजकुमार : आणतो. आणि ती पाटीही काढून आणतो, आतच आहे.

करुणा : दीड महिना लागेल मुळं धरायला. तोवर येत जाशील ना? दर बुधवारी येतेस तशी?

रूपा : दीड महिन्यानं येते. फांदी न्यायला.

करुणा : मी रोज पाणी घालीन बघ. एक दिवस चुकवणार नाही.

रूपा : दाजी, झाडाला पाणी तुम्ही घालत जा.