पाठांतर चोख, म्हणूनच संशय

...नट आहे आणि वाक्य विसरत नाही? तुम्हीच सांगा, संशय येणार नाही? अहो, मी प्रॉम्प्टर! विंगेत उभं राहून अडलेल्या नटाला पुढचं वाक्य पुरवायचं, ही माझी रोजीरोटी. आमची नायिका दर प्रवेशात अडते, तिचा सासरा झालेला तर स्वतःच्या मुलाचं नाव विसरतो... देव त्यांचं भलं करो! आणि हा नवा नायक? शब्द इकडचा तिकडे नाही! दिग्दर्शक म्हणतो, "काका, सगळेच असे निघाले तर तुम्हाला घरी बसवू, हॅ हॅ!" माझ्या पोटावर पाय, आणि याला हसू!

मग मी पाळत ठेवली. तर हा संहिता वाचतच नाही हो! वाचनाच्या दिवशी कधी घसा बसतो, कधी चष्मा घरी राहतो... तुम्हाला सांगतो, याला चष्माच नाही! येणार नाही संशय?

बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला दुधातसुद्धा काळं दिसतं." म्हटलं, बघच. एका प्रवेशाची नवी प्रत टाइप केली. प्रत्येक शब्दाचं पहिलं-शेवटचं अक्षर जागेवर, मधली सगळी उलटीपालटी! वाटली सगळ्यांना. नायिकेने घडाघडा वाचली, सासऱ्यानेही वाचली, कुणाला पत्ताच नाही! मेंदू अंदाजाने पुढे धावतो, अक्षरं बघतोय कोण?

हा एकटाच कागदाकडे बघत बसलेला. मला कोपऱ्यात घेऊन म्हणतो, "काका, ही अक्षरं खरंच उलटीपालटी आहेत, की मलाच रोजच्यासारखी दिसतायत?"

म्हटलं, मीच केलीत रे उलटीपालटी! पण रोजच्यासारखी म्हणजे?

"डिस्लेक्सिया आहे, काका. ताई वाचून दाखवायची, मी ऐकून पाठ करायचो. आता ती सासरी गेली. दिग्दर्शकांना कळलं तर काढतील हो मला."

पोरासाठी जीव तुटला हो. म्हटलं, उद्यापासून सकाळी घरी ये, मी वाचतो. लोकांना सांगितलं, खास तालीम घेतोय. झालं! दुसऱ्या दिवशी नायिका दारात, तिच्यामागे सासरा, "आम्हालाही घ्या की, काका!" घेतलं. करतो काय?

कालच्या प्रयोगात कुणी अडलं नाही. एकही माणूस नाही! तीन अंक मी विंगेत मुका उभा.

घरी आलो तर बायको विचारते, "काय हो, तुमच्या नोकरीवर कोण उठलंय ते सापडलं का?"

म्हटलं, सापडलं... रोज सकाळी आपल्याच आरशात दाढी करतो.