कौतिक मास्तरचा बँड मोबाईलवर

(बँडमास्तर दगडू कौतिक यांनी अंबडच्या आपल्या घरी, ओट्यावर बसून सांगितलं तसं)

आमचं मूळ गाव कळवणकडचं, डोंगराच्या पायथ्याला, आन् माझे वडील कौतिक मास्तर. आता मास्तर म्हनलं का लोकांना वाटतं शाळेचे, तर शाळेचे नाय, बँडचे मास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, त्याला सोनेरी पट्टी, डोक्यावर तुऱ्याची टोपी, आन् कोट घातला का बाबा घरात पन कोनाशी बोलायचे नाय, चालच बदलायची त्यांची. मला शिकवलं कसं, काय सांगू तुम्हाला, पपईच्या पानाचा देठ असतो ना पोकळ, तो पान्याच्या बादलीत बुडवायचा आन् फुकत राहायचं, बुडबुडे थांबले नाय पायजे, नाकानं श्वास घ्यायचा आन् तोंडानं सोडायचा एकाच टायमाला, बुडबुडा तुटला का टपली बसायची. पोरं खेळायला जायची आन् मी बादलीपाशी बसेल राहायचो.

लय मजेचे दिवस व्हते ते. वरात गावात शिरली का बाया तव्यावर भाकर टाकेल तशीच सोडून दारात यायच्या, सगळ्या आळीला भाकर करपल्याचा वास सुटायचा. मला तो वास आजबी गोड लागतो. नवरदेवाला कोन बघतो, लोक बाबांकडं बघायचे. पन जेवायला आम्ही शेवटी, मांडवाच्या भायेर, ते बी सांगतो. वाजवताना मास्तर, जेवताना बँडवाले. बाबा म्हनायचे, पोटाला राग येऊ द्यायचा नाय, फुंक बिघडती.

मग डीजे आले. एक गाडी आली, तिच्यावर ढिगानं पेट्या, एवढा आवाज का छातीतलं हाडूक हालतं, आन् त्याच्यापुढं आमची क्लॅरिनेट म्हनजे चिमनी. बाबा तोपर्यंत गेलेले, बरं झालं, नाय बघितलं त्यांनी. बँड मोडला पन तंटा नाय का भांडन नाय, एका लगीनसराईला एक मानूस कमी झाला, पुढल्याला दुसरा, असं करत करत. मी इकडं अंबडला आलो, कारखान्यांच्या वसाहतीत, एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागलो. माझ्यामागं आमचा साईड ड्रमवाला निंबा आला, तो पॅकिंगला लागला. क्लॅरिनेट खाटेखाली. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर काढायचो तर खालून लोक विचारायचे, कोनाचं लगीन हाय हो?

रिटायर झालो तव्हा डोक्यात आलं, परत उभा करू बँड. हातपाय चालू हायेत, मानसं बी इथं तिथं हायेत. कार्डं छापली आन् मंगल कार्यालयांत वाटत फिरलो. एका ठिकानी तिथला मॅनेजर म्हनला, काका, कार्ड ठेवून घेतो पन खरं सांगू का, कार्ड कोन बघत नाय, लोक मोबाईलवर शोधतात, तुमची वेबसाईट हाय का? मी नमस्कार घातला आन् भायेर पडलो. मग वेबसाईट करून देनाऱ्या एका ऑफिसात गेलो, थंडगार केबिन, त्या पोरानं पॅकेज सांगितलं, मी चहा अर्धा ठेवून उठलो.

ते रडगानं मी मंगलवहिनींना सांगितलं. मंगलवहिनी म्हनजे आमच्या गल्लीच्या तोंडाला खानावळ चालवतात, कंपनीतल्या पोरांना डबे देतात. त्या हसायला लागल्या, म्हनल्या दगडूभाऊ, माझ्या खानावळीची मीच केली ना, ह्याच मोबाईलवर, मला कुठं इंग्रजी येतं? रांगोळीचा छाप असतो का नाय, छाप ठेवायचा आन् वरून रंग टाकायचा, तसंच हे, सांगाडा तयार भेटतो, फुकट भेटतो, आपन आपलं नाव आन् फोटो भरायचा. म्हनलं मग वहिनी तुम्हीच द्या ना करून. तर म्हनल्या नाय, मी दिली तर उद्या नंबर बदलला का परत माझ्या दारात, तुमच्या बोटानं करा, अडलं का इचारा. आन् लाटणं हातात तसंच ठेवून पहिलं पान कसं उघडायचं ते दाखवलं.

झालं, मी बसलो. टाईप कुठं करता येतंय, पन बोललं का मोबाईल लिहितो, मराठीत बी लिहितो. मी म्हनलं सनई ताशा, त्यानं लिहिलं सून आली तशा. परत म्हनलं, तर सून आली नाश्ता. मी चिडलो, बायको हसून हसून खोकायला लागली. ती सटाण्याकडची, तिची बोली अहिराणी. त्या सांगाड्यात पयल्यापासून एका गोऱ्या बाईचा फोटो व्हता, कॉफीचा कप धरून हसून राहिली, आन् तो फोटो मला काढता येईना. लय दिवस कौतिक मास्तरचा बँड ह्या नावाखाली ती बाई हसत व्हती. बायको रोज इचारायची, हाई कोन बाई शे? आपला बँडमा कव्हय उनी? म्हनजे, ही कोन, आपल्या बँडात कधी आली. शेवटी वहिनींनी सांगितलं, फोटोवर बोट दाबून धरा, बदला म्हनून येईल. दाबून धरलं. आलं. मग पेटीतून बाबांचा फोटो काढला, एकच हाय तो, कोटावरचा, त्याचा मोबाईलनं फोटो घेतला आन् तिथं लावला. बायकोला म्हनलं बघ. तिनं बघितलं आन् डोक्यावर पदर घेतला. सासरा समोर आला ना.

आता पुढं जागा व्हती आमचे कलाकार म्हनून. सगळ्यांना फोन लावले, सगळे हो म्हनले, फोटो पाठवले. निंब्याच्या घरी मी सोता गेलो, का तर त्याच्याशिवाय बँड नाय. त्यानं मला भायेर आनलं, रिक्षा स्टॉपपाशी, आन् म्हनला दगडू, माझा फोटो नको लावू, नाव बी नको. का रे? तर म्हनला, पोरगी चांगल्या घरात दिली, तिच्या सासरी सांगेल हाय का बाप कंपनीत सुपरवायझर व्हता. बँडवाला व्हता हे त्यांना म्हाईत नाय. पोरीला कोन बोललं तर मला सहन व्हनार नाय. मांडवाच्या भायेर, सगळ्यांच्या शेवटी जेवलेली मानसं आम्ही. म्हनलं बरं. त्याच्या जागेवर नुसत्या ड्रमचा फोटो लावला.

लय दिवस कायबी नाय. मी रोज उघडून बघायचो, आपनच आपलं दार वाजवल्यासारखं. मग एक दिवस फोन आला, सुरगाण्याकडच्या पाड्यावरून. म्हनले, कौतिक मास्तर बोलता का? मी उठून उभा राहिलो, म्हनलं मी त्यांचा पोरगा, बोला. त्यांच्या शाळेतल्या बाई रिटायर व्हनार व्हत्या, सगळी नोकरी त्यांनी त्याच डोंगरात काढली, पोरांना घरातून वढून वढून शाळेत आनलं, आन् गावाला त्यांची मिरवणूक काढायची व्हती. डीजे तिथं चढत नाय, रस्ता अरुंद हाय, म्हनून कोनीतरी मोबाईलवर बँड शोधला आन् आम्ही सापडलो.

निंब्याला इचारलं, येतो का? त्यानं आधी गाव कुठलं ते इचारलं. मग म्हनला, त्या डोंगरात मला कोन वळखतंय, येतो.

गेलो आम्ही. बाईंसाठी ट्रॅक्टर सजवेल व्हता, पन बाई बसेनात, म्हनल्या मी पोरांबरोबर चालनार. म्हातारी मानसं, त्यांचीच शाळा शिकेल बापे, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, सगळे मागं. मी फुंक मारली, पयला सूर फाटला, दुसरा लागला, आन् निंब्याच्या काठ्या पडल्या ड्रमवर. एवढ्या वर्षांनी त्याचा हात जराबी इकडचा तिकडं नाय. बाई रडून राहिल्या, निंबा बी रडून राहिला, पन ताल सोडला नाय. जेवायला आम्हाला बाईंच्या पंगतीत बसवलं, नागलीची म्हनजे नाचणीची भाकर आन् उडदाचं पिठलं, बाईंनी सोता वाढलं.

आन् मोबाईल तर सगळ्यांच्याच हातात. व्हिडिओ निघाला, पसरला, पसरत पसरत निंब्याच्या पोरीच्या घरी पोचला. तिचा फोन आला तव्हा निंबा माझ्याच शेजारी बसेल व्हता, मला बी सगळं ऐकू आलं. पोरगी म्हनली, बाबा, सासूबाईंनी बघितलं. काय म्हनल्या? काय नाय म्हनल्या, परत लाव म्हनल्या. मग जावयाला हाक मारली आन् म्हनल्या, बघ, तुझा सासरा. बस, एवढंच. आजपर्यंत त्यावर कोनी एक शब्द बोललं नाय त्या घरात, ना चांगला ना वाईट. निंब्याला त्याचं काय वाटतं ते तो सांगत नाय.

पन त्या रविवारी सकाळी तो इथं आला, दाढी करून, कोटाला इस्त्री करून, आन् ह्याच ओट्यावर ताठ बसला. म्हनला, काढ फोटो.

मी काढला, मीच लावला, आता कोनाला इचारावं लागत नाय. कामं येतात, नाय असं नाय, पन लय नाय. नवीन पोरं शिकायला येत नायत, एवढा दम कोन लावतो, आन् आमच्यातला एकेक जाईल तसं कलाकारांच्या पानावरचं एकेक नाव मलाच काढावं लागंल, का राहू द्यायचं ते बी मी अजून ठरवलं नाय. बायको म्हनती राहू द्या, कोनाचं काय जातंय. तिचं खरं हाय. चला, तुमचा चहा गार झाला. तुमच्या घरी कार्य निघो, दारात मांडव पडो, आन् फोन करा बरं का, आम्ही येऊ.