शेट मान वर करत न्हाई

बसा की पाव्हणे, मनमाडच्या गाडीला टाइम हाय अजून — भजे झाले ना, हा घ्या दुसरा चहा. काय म्हन्लात? समदे त्या धर्मराजच्याच टेबलावर का बसतात? जवान हाय म्हणून? हसून बोलतो म्हणून? बिलकुल न्हाई. इकडं या जरा. गिऱ्हाईक उठलं की आम्ही गल्ल्यावर पुकारा करायचा — किती भजे, किती चहा — आन् शेटनं तेवढेच पैसे घ्यायचे, ही इथली रीत. गिऱ्हाईकानं दोन प्लेटा खाल्ल्या तर हा गडी एकच पुकारतो. गिऱ्हाईकाचे पैसे वाचले, मंग जाता जाता ह्याच्या मुठीत बक्षीस. शेटलाबी वास हाय त्याचा — धर्मराजनं पुकारलं की मान वर करून टेबलावरच्या बश्या पाहतो. आन् मी? इथली भट्टी पेटली तव्हापासून हाय मी, एक बशी कधी कमी पुकारली न्हाई. शेट चारचौघांत सांगतो, कडूबाचा पुकारा झाला की मी मान वर करत न्हाई. मंग मला कोण कशाला देईल बक्षीस? आन् पाहिजे कशाला, पगार व्हता ना.

व्हता म्हन्लो का? हां, व्हता. सकाळीच शेट बोलला, जवान गडी नुसत्या बक्षिसावर राबून राह्यले, तुलाच एकट्याला पगार का? ह्या महिन्यापासून बंद. मी बरं म्हन्लो आन् टेबलं पुसायला गेल्तो. वाईट? न्हाई हो. कायबी वाटलं न्हाई — फडकं पिळलं, परत तेच टेबल पुसलं. धर्मराजचं बक्षीस कुठून येतं ते शेटला सांगितलं असतं तर पगार ऱ्हायला असता, बराबर. पण त्याला तर पहिल्या दिवसापासून पगारच न्हाई, आन् घरी दोन लेकरं. त्यानं काय खावं? घरी तुळजाबाईला अजून बोललो न्हाई. ती बायामधी मिरवती, आमच्या ह्यांच्यावर शेटचा लई भरवसा हाय म्हणून. हाय ना. भरवसा हायच.

घंटी झाली. उठा.

— शेट, पाव्हण्यांकडून एक चहा! एकच चहा!

पाह्यलं? न्हाई केली मान वर.

भजे खाल्ले, चहा दोन झाले, म्हाईत हाय मला. चूक न्हाई झाली. बोलू नका. द्यायचं ते बशीखाली ठिवा, हातात नको. आन् जावा आता — जावा, गाडी निघंल.