तीन खाचांचा पाय

गोद्री : टेबल डुलतंय म्हणजे डुलतंय, पेरीनबाई. काल मंडळात पाचही पंचांनी हात लावून बघितलं. आज तुमच्याच फरशीवर उभं केलं, तरी तेच. मुकाट्यानं शिक्का काढून द्या.

पेरीन : माझ्या नवऱ्याच्या नावाचा शिक्का आहे तो, मुळ्याची जुडी नाही हात पुढे केला की द्यायला.

गोद्री : नवरा वारून दोन वर्षं झाली. विधवेनं कारखाना चालवावा, नवऱ्याचा शिक्का मारावा, ही पॅरिसच्या सुतारमंडळानं दिलेली मुभा. काम खोटं निघालं की मुभा संपली. शिक्क्यावर कानस फिरणार.

पेरीन : आणि कारखान्याला कुलूप. वेंडेल, बोल की रे. तोंडात सरस धरलायस का?

वेंडेल : मंगळवारी मंडळाचे लोक टेबल न्यायला आले तेव्हा मी काठोकाठ पाण्याचा पेला ठेवून बघितला होता, मालकीणबाई. थेंब सांडला नव्हता.

गोद्री : हा जर्मन तुमचं मीठ खातो. तो दुसरं काय सांगणार?

पेरीन : तीस वर्षं पॅरिसचा पाव खातोय तो. तुमच्या जावयापेक्षा जास्त. बरं, एवढं टेबल आमच्या अरुंद जिन्यावरून उतरवलं कसं?

गोद्री : पाय काढून. आटे आहेत की पायांना.

पेरीन : आणि परत बसवले कुणी?

गोद्री : मी, स्वतः. चाळीस वर्षं उस्ताद आहे मी. चार पाय, चार भोकं, त्यात अवघड ते काय? ही तुमची नवी सरळ फॅशन, देवळाच्या खांबांसारखे चारही सारखे. आमच्या वळणदार पायांत पुढचा कुठला, मागचा कुठला, आंधळ्यालाही कळायचं.

पेरीन : वेंडेल, ती गादी घाल खाली आणि टेबल आडवं कर. हळू, महोगनी आहे. आता हा पुढचा पाय सोडव. पंचसाहेब, पायाच्या मानेवर बोट फिरवा. डोळ्यांनी नको, बोटानं.

गोद्री : खाचा आहेत. तीन.

पेरीन : आणि तो ज्या भोकात होता, त्याच्या कडेला?

गोद्री : …एक.

पेरीन : मी शाळेची पायरी चढलेली नाही. मला आकडा लिहिता येत नाही, म्हणून कुठला पाय कुठल्या भोकात, त्याच्या खाचा. पण तीन आणि एक यांतला फरक मला कळतो.

गोद्री : दिसल्या होत्या मला. वाटलं पटाशी घसरली असेल. विधवेच्या कारखान्यात…

पेरीन : थांबलात का? विधवेच्या कारखान्यात पटाशी घसरायचीच.

(वेंडेल चारही पाय आपापल्या जागी बसवतो. टेबल उभं राहतं.)

वेंडेल : पाण्याचा पेला आणू?

पेरीन : पाणी नको, लाल वाईन आण. काठोकाठ. पंचसाहेब, तुमची ती पांढऱ्या लेसची बाही ठेवा पेल्याला खेटून. ठेवा हो, टेबल चावत नाही. आता दुसऱ्या हातानं हलवा.

गोद्री : हलवतोय.

पेरीन : अजून जोरात. जेवला नाहीत का सकाळी?

गोद्री : हलत नाही.

वेंडेल : थेंब नाही.

गोद्री : पेरीनबाई, एक विचारतो. तुमच्या नवऱ्याच्या पटाशीचा घाव हलका असायचा. हा खोल आहे. असा खोल घाव मी याआधीही पाहिलाय, ते जिवंत असताना.

पेरीन : शेवटची सहा वर्षं त्यांचा हात थरथरत होता. ते इथं बसून सांगायचे, मी कापायची. नवऱ्याच्या कारखान्यात बायकोनं पटाशी धरू नये, असा नियम आहे तुमचा?

गोद्री : नाही.

पेरीन : तरी सहा वर्षं मंडळाची मोहर मारत होतात त्यावर. तेव्हा कुणाला डुलताना दिसलं नाही.

गोद्री : हातोडी आणा. मंडळाची मोहर माझ्याकडे आहे. कुठं ठोकू?

पेरीन : टेबलाखालच्या चौकटीच्या आतल्या अंगाला. त्यांच्या नावाशेजारी.

गोद्री : मग टेबल परत आडवं करा.

पेरीन : आता ते आडवं पडायचं नाही.

गोद्री : म्हणजे मला खाली वाकावं लागेल.

पेरीन : वेंडेल, ती गादी पंचसाहेबांच्या गुडघ्यांखाली सरकव.