रांगेतली वीट

मंडळी, आधी एक सवाल! आपल्याच आळीला चिखल फासून आपलं तोंड उजळतं का? — काका, अहो पहिल्या रांगेतले! मान डोलवताय, झकास! पण तो हात मांडीवरच्या पिशवीवरून का हलत नाही? चपला आहेत ना आत? असू द्या, असू द्या! त्या पिशवीकडं येणारच आहे मी!

तर ऐका! शहराच्या कडेला टेकडी. टेकडीवर पत्र्याची घरं — एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण! नळ मात्र सगळ्यांत एकच. तिथं राहायची शीतल गायकवाड. नाव शीतल, आणि रॅपमधलं नाव काय? — ‘भडका’! रॅप म्हणजे काय, आजी? गाणं, पण भांडल्यासारखं म्हणायचं! तुम्ही सूनबाईंना रोज ऐकवता तेच, फक्त ठेक्यात! हां पखवाजवाले, द्या थाप! धिन् — धिन् — ताक्!

पोरीचं पहिलं गाणं निघणार होतं. आयुष्यातली पहिली संधी! स्टुडिओवाला रॉनी म्हणाला, "भडका, वस्तीचं गाणं आहे ना? मग रक्त पाहिजे! रक्ताशिवाय कोण ऐकतंय?"

पोरगी भुलली! लिहिलं —

"नळावर आमच्या पाण्याआधी रक्त वाहतं,
शेजारी शेजाऱ्याच्या नरड्यावर टपून राहतं!"

रॉनी खूश! शीतलही खूश! सकाळी नळाला पाणी आलं, रांग लागली, आणि हिनं मोठ्या ऐटीत मोबाईल स्पीकरला लावला — ऐका गं बायांनो, आपलं गाणं!

गाणं संपलं.

रांगेत मागं उभी असलेली सरूमावशी म्हणाली, "कुणाचं गं रक्त? मी रोज हितंच मरते, मला कसं नाही दिसलं?"

"मावशी, तसं लिहावं लागतं."

"लिहावं लागतं? भवाने! तुझी आई दवाखान्यात, तू त्या स्टुडिओत. घरातले हंडे काय भुतानं भरले?"

मंडळी, त्या नळाची रीत सांगतो. कामावर जायचं असलं की बाई रांगेत आपली वीट ठेवून जाते. नुसती वीट! रांग सरकली की मागची बाई ती पुढं सरकवते, नंबर आला की तिचा हंडाही भरते. आपला देव विटेवर उभा. इथं माणसाच्या जागी वीटच उभी!

गाणं ऐकवायला बाजूला होताना शीतलनंही वीटच ठेवली होती. तिला वाटलं, आता आपली वीट जाणार नाल्यात! तिनं खाली पाहिलं — आणि काय दिसलं? तोंडानं शिव्यांचा पट्टा चालू असताना मावशीचा पाय, बरं का, सवयीनं शीतलची वीट पुढं सरकवत होता! पार नळाशी आणली!

"बघतीस काय टकामका? नंबर आलाय तुझा. हंडा लाव!"

पोरीच्या डोळ्यांत पाणी! हंड्याआधी डोळेच भरले!

तशीच धावली स्टुडिओत. "रॉनी, ते रक्त काढ!"

"काढलं तर गाणं पडेल, आणि मी काही ते काढणार नाही!"

"पडू दे! वस्ती पडण्यापेक्षा बरं!"

आली परत. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं, ठेवला नळाच्या कठड्यावर. बायांनी हंडे घेतले पालथे — वाजवा हो पखवाजवाले, थांबू नका! — आणि भडका भडकली —

"मी नसले तरी माझी वीट हाय रांगेत,
सरकवते सरूमावशी शिव्या देत देत!"

टेकडी नाचली हो! पत्रे वाजले! खालच्या रस्त्यावरचे रिक्षावाले रिक्षा थांबवून वर बघायला लागले! आणि मावशी? "माझं नाव घातलंस? अगं मग जरा जोरात म्हण की!"

आता काका, ती पिशवी! तिथं वीट टाकून बाया निर्धास्त कामाला जातात, आणि आपण देवाच्या दारात चपला मांडीवर घेऊन बसतो! बदनाम मात्र कोण? ती टेकडी!

उठा! ठेवा चपला बाहेर! आणि जाताना शेजाऱ्याची चप्पल उन्हात दिसली, तर पायानं हळूच सावलीत सरकवा. ते जमलं, की मग तोंड उघडा आणि म्हणा — विठ्ठल!