म्हातारी नको म्हणाली

न्हाई, न्हाई, डाक्टरसाहेब, नाडी नगा बगू, आधी त्ये दार लावा. पुन्यासनं गावी चाललोय, हनुमंता स्टँडवर जीप ठरवाया गेलाय, ह्या टायमाला आमच्या हिर्डोशीला यष्टी न्हाई. त्यो यायच्या आत मला बोलायचंय — त्याच्या म्होरं माजं त्वांड उघडत न्हाई. पोटचा पोरगा, पर उघडत न्हाई. पानी? नगं, पानी नगं, ऱ्हाऊ द्या. तुमी बसा खाली. मला पुन्याला कुनी धाडलं? तुमीच ना? हातावरचं काळंनिळं बगून तुमीच म्हनलात, बनाबाई, ह्ये साधं न्हाई, मोठ्या दवाखान्यात जा. मंग आता तुमालाच सांगनार, दुसऱ्या कुनाला सांगू?

मला काय झालंय त्ये मला ठावं हाय. डोळं मोठं करू नगा. हनुमंता म्हनतो, आये, रक्त कमी पडलंय. सोनिया, आमची सून, म्हनती, आत्याबाई, अशक्तपना हाय. अन शेजारच्या खाटंवरल्या बाईचा भाऊ — परका मानूस, कुठं वाईकडचा — त्यो केळं सोलता सोलता म्हनला, मावशी, तुमालाबी रक्ताचा कॅन्सर का? असं कळलं मला. आजार माजा, सुया माज्या दंडात, अन सांगनार कोन, तर केळं सोलनारा! त्यो मोठा डाक्टर हनुमंताला भाईर घिऊन गेला, दारातनं दोगांची पाठ दिसत व्हती मला — हनुमंता मान हलवतोय, डाक्टर हात हलवतोय — अन म्या आत पिशवी मांडीवर घिऊन बसले. काय बोललं आसतील? दोन वाटा हायेत म्हनं. एक, जालीम औषध, सलाईनमधनं, दवाखान्यात पडून ऱ्हायाचं. केस जात्यात, त्वांडात फोड येत्यात, कदी कदी मानूस औषधानंच जातं. दुसरी, घरी जायाचं, लागंल तवा रक्त भरायचं, गोळ्या खायाच्या, जमंल तवर जमंल. ह्येबी त्या केळंवाल्यानंच सांगितलं.

मंग डाक्टर आत आला. एकटा न्हाई — पाच-सा जन पांढऱ्या कोटातलं, हनुमंता, सोनिया, समदी माज्या खाटंभवती. अन मोठ्यांदा इचारतो, काय आजी, काय इच्छा आहे तुमची? आता तुमीच सांगा, इतक्या मानसांत बाईमानूस काय बोलंल? लेकाम्होरं, सुनंम्होरं म्हातारीनं म्हनायचं का, की मला जगायचंय म्हनून? लोक काय म्हनतील — म्हातारी झाली तरी जिवाची हाव सुटंना! म्या म्हनलं, आता मला काय करायचंय, पिकलं पान म्या, पोराला तरास नगं. झालं! डाक्टरनं खांद्यावर हात ठिवला अन म्हनला, आजी समजूतदार आहेत. समजूतदार! समदी मोकळी झाली. हनुमंताच्या डोळ्यांत पानी आलं. अन म्या वाट बगत व्हते की आता कोनतरी म्हनंल, आसं कसं आजी, घ्या की औषध. कोन म्हनलंच न्हाई. कागुद लिवाया लागले.

अवं, लग्नात पंगतीला बसलं, भातवाढप्या म्होरं आला, की मानूस काय करतं? पानावर आडवा हात धरतं, नगं नगं म्हनतं. पोटात भूक आसली तरी म्हनतं! मंग वाढप्या काय करतो? हात बाजूला सारून वाढतो. पैल्या ‘नगं’ला कोन वाढप्या म्होरं जातो का? आत्ता तुमी पानी इचारलं, म्या नगं म्हनलं — तरी तुमी तांब्या म्होरं सारलात, अन बगा, म्या घटाघटा प्याले. तुमी आपल्या भोरचं, तुमाला कळतं. त्या पुन्याच्या डाक्टरला कुनी शिकवलं न्हाई का? माजं पानच उचललं त्यानं.

हनुमंता वाईट न्हाई, त्याला बोल लावू नगा. रक्त द्याया गावातनं टेम्पो भरून मानसं आनली त्यानं. त्यानं आईचा शबुद पाळला — म्याच दिलेला. काय? कशापायी जगायचंय? ...नातवाचं लगीन बगायचंय आसं सांगत्यात लोक. माजं तसं काय न्हाई. आमचं मालक, सोनबा, गेलं, त्याला भाताची तीन पिकं झाली. वंगाळ बोलू नये मेलेल्या मानसाबद्दल — मारलं न्हाई त्यांनी कदी. पर त्ये व्हते तवर म्या गरम चा प्याले न्हाई, साहेब. त्येंचं झालं की पोरांचं, पोरांचं झालं की गुरांचं. ते गेलं, तेराव्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी म्या पैला चा माजा केला. उंबऱ्यावर बसून प्याले. ऊन आलं व्हतं. अन मला — देवा, कसं सांगू — मला लई बरं वाटलं. तवापासनं रोज पिते. मंगळवारच्या बाजाराला एकटी येते भोरला, काय घ्यायचं नसलं तरी येते. साठी उलटल्यावर सुरवात झाली माजी, अन एवढ्यातच आटपा म्हनताय? ...ह्ये बोलायचं नव्हतं. इसरा. हनुमंताला ह्यातलं काय सांगू नगा.

गुन येईलच आसं न्हाई, ठावं हाय मला. किती यील, घरी किती दिस मिळतील, दवाखान्यात किती जातील — ह्ये तरी मला इचारू द्या की! सगळं आयकून ‘न्हाई’ म्हनीन कदाचित. पर ती माजी न्हाई आसंल. तुमी पुन्याला फोन लावा. अन हनुमंताला तुमीच सांगा, ‘म्याच ठरवलं, डाक्टर हाय म्या’ म्हनून. माजं नाव काढू नगा. — का? का न्हाई सांगनार? म्याच सांगायचं? साहेब, पाया पडते तुमच्या. न्हाई जमायचं मला, जन्मात जमलं न्हाई त्ये आता —

जीप वाजली. आला त्यो. दार नगा उघडू. थांबा, जरा थांबा —

...काय न्हाई रं. डाक्टर इचारत्यात मला. परत इचारत्यात, तुज्याम्होरं.

...

व्हय. घ्यायचंय मला औषध. — आरं, रडतोस कशाला, म्या मेले का? डोळं पूस. अन त्या जीपवाल्याला सांग, जा म्हनावं.