दोनदा वरचा बाण

—नाही, ती वायर आत्ताच नको काढू गा. बस पैले. त्या स्टुलावर बस, पुसून बस, कोळसा लागते चड्डीले. नवी मशीन बसवाले आला ना तू—बसव, कोण नाही म्हणते—पण जुनी कशी चालते ते पाहून घे, नाही त मागून मलेच इचारशीन अन् मी सांगणार नाही. तुम्हा शिकलेल्या लोकांचं असंच असते, आधी तोडता अन् मंग इचारता हे कशाचं होतं. इथं या वॉशरीत, कोळसा धुवाच्या कारखान्यात, तीन बेल्ट आहेत, कोळसा वाहते त्यायच्यावरून, रातदिवस. तिन्ही चालू असले का कानाशी येऊन बोंबललं तरी ऐकू येत नाही. फोन कामाचा नाही. म्हणून हा काळा पडदा. मी इथं बेल्टच्या तोंडाशी, कंट्रोल रूम तिकडं अर्ध्या कोसावर, काचेच्या डब्यात ए.सी. लावून. इकडून निरोप लिवला का तिकडल्या पडद्यावर उमटते, तिकडून लिवलं का इकडं. बस. चित्र नाही, रंग नाही, काळ्यावर पांढरी अक्षरं. तुह्या नव्या मशीनीत बोटानं दाबाची लाल-हिरवी चकती आहे म्हणते—राहो बाप्पा.

मले वाचता येते का? काहून, चेहऱ्यावर लिवलं आहे का नाही येत म्हणून? तिसरीतून सुटलो मी. मराठी जोडून जोडून वाचतो, इंग्रजीची अक्षरं म्हणजे मले मुंगळे. पण अकरा वर्षं झाली हे चालवून राहिलो, एक चूक नाही. कसं ते पाय. रजत म्हणून इंजिनेर होता, गेला सोडून, त्यानं इंग्रजीत दोन ओळी लिवून ठेवल्या. एक—माणूस बेल्टवर आहे, चालू करू नका. दुसरी—माणूस उतरला, चालू करा. दोन्हीत कंट्रोल रूमचं नाव घातलं, कारण नाव नसलं त निरोप जात नाही, पत्ता नसलेल्या पाकिटासारखा. अन् म्हणे, चंपतराव, पुन्हा लिवाचं काम नाही, मागची ओळ मशीन ध्यानात ठेवते. वरच्या बाणाचं हे बटन—एकदा दाबलं का शेवटची पाठवलेली ओळ येते, दोनदा दाबलं का तिच्या आधीची. आता डोस्कं लाव. माणूस चढला, पैली ओळ. उतरला, दुसरी. मंग चढला, मंग उतरला. एकाआड एक, बरोबर? म्हणजे मले जवा जी ओळ पाहिजे, ती शेवटच्या आधीचीच असणार. दोनदा बाण, मंग पाठवाचं मोठं बटन. झालं. वाचाची गरजच काय? तिकडून ओके येते—एक अंडं अन् एक मोडका काटा—तेवढं ओळखतो मी. ओके आलं का काम झालं.

आता तू इचारशीन, मंग सुशीलचा पाय कसा गेला. इचारलं नाही? पण मनात आहे ना तुह्या, गेटवरच सांगतलं असन कोणं तरी. सांगतो न. लपवाचं काय आहे. दोन हप्ते झाले, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराले दगड अडकला रोलरमधी, बेल्ट बंद पडला. सुशील चढला काढाले. वरून हात हलवून इचारलं त्यानं, निरोप देला का काका—म्या मान हलवली, देला. ओके बी आलं होतं. अन् मंग भोंगा झाला—आता भोंगा त तिन्ही बेल्टचा एकच, दिवसातून वीस डाव वाजते, कोण ध्यान देते—अन् बेल्ट चालू झाला. ओढून बंद कराची दोरी असते बाजूनं, ती सहा महिन्यांपासून तुटून पडली आहे. मी पळालो. माह्या वयात किती पळणार. धंतोलीच्या दवाखान्यात आहे तो. मांडीपासून काढला पाय. बेल्ट तवापासून बंदच ठेवला होता, आज सकाळीच सुरू झाला, निरोपाचं काम पडलं नाही अजून. मी गेलो नाही पाहाले. काहून जाऊ? त्याची बायको, काजल, तिथं दारातच बसून असते म्हणते, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडं पायते. मी काय डाक्टर आहे?

अन् बेल्ट चालू केला त्या मयुरानं. कंट्रोलमधी बसे ती, हुडकेश्वरची पोट्टी, स्कूटीवर ये. चौकशीत रडे अन् म्हणे, काकांचाच निरोप आला होता, चालू करा म्हणून. म्या म्हटलं, बाई, अकरा वर्षांतली माही एक चूक दाखव. काय दाखवते? तिकडली मशीन त्याच दिवशी कोणं तरी बंद करून चालू केली, तिच्या पडद्यावरचं सारं पुसलं. म्या लिवून देल्लं—म्हणजे चौकशीवाल्यायनं लिवलं, म्या सही केली, सही येते मले—का माणूस वर आहे असाच निरोप म्या पाठवला. कामावरून काढली तिले. तिच्यावर केस बी झाली, शुक्रवारी तारीख आहे. तिचा बाप आला होता, गणपतराव, तू बसला ना त्याच स्टुलावर बसला. हात जोडले. म्हणे चंपतराव, पोरीच्या बाजूनं बोलू नका, फक्त एवढंच सांगा का मले पक्कं आठवत नाही. म्या म्हटलं, मले पक्कं आठवते. उठून गेला बिचारा. चहा बी नाही घेतला.

दया कशाची करू? त्या पोट्टीचं ध्यानच नसे कामात. आधल्या दिवशीचंच पाय, सोमवारचं. सुशील काम करून उतरला, म्या निरोप देल्ला, माणूस उतरला, चालू करा. बाईसायेब बोलेच ना. पाच मिनिटं झाली, ओके नाही, काही नाही. डबा खात असन. माह्यं डोस्कं सणकलं. म्या म्हटलं, थांब, तुले जागी करतो—तीच ओळ पुन्हा आणली, एकदा बाण, अन् ठोकली. तवा कुठं ओके आलं. असं ठोकल्याबिगर ऐकत नाहीत ही पोरं.

काय झालं? असा काहून पायतं?

हो, तीच ओळ. दोन डाव. एकदा पाठवली, बोलली नाही म्हणून पुन्हा पाठवली, सांगतलं न. मंगळवारी? मंगळवारी काय, रोजच्यासारखंच, दोनदा बाण अन्—बोटं काय मोजून राहिला तू? मोज. शेवटची ओळ, उतरला, चालू करा. तिच्या आधीची बी तीच—

नाही. ओके आलं होतं न गा. ओके आलं म्हणजे—

ओके त कशालेही येते.

हात नको लावू बटनाले. म्या म्हटलं हात नको लावू. हे काय काढलं? एवढ्या ओळी? हे सारं ठेवलं यानं? मले वाटलं दोन-चार ओळी ठेवत असन अन् बाकीच्या जात असन, बोललेलं जाते तसं. महिन्याभराचं? तारखेसगट? वाच बरं. सोमवार—दोन डाव आहे, हो, ते मीच सांगतलं. पुढं वाच. मंगळवार. दहा वाजून चार मिनिटं. वाच न, थांबला काहून? काय लिवलं आहे?

चालू करा? पुन्हा वाच.

हं.

मंग आता? ही मशीन कुठं नेणार तू? गोदामात न? तिथं कोण पायते, उंदरं पायतील. तीन लाईनी पुसाले तुले किती येळ लागते? मी तुह्या बापाच्या वयाचा आहे. ती पोट्टी जवान आहे, शिकली आहे, तिले कुठंही काम भेटन. मले कोण ठेवन? अन् ठेवाचं जाऊ दे—उद्या त्या सुशीलच्या बायकोसमोर मी कोणतं तोंड—चिठ्ठीवर काय उतरून घेतं? टाइम उतरून घेतं? खोड. खोड म्हणतो न. मोठा हरिश्चंद्र आला. नीघ. नीघ इथून. मशीन ने नाही त नको नेऊ, पण जाय माह्यासमोरून. जाय.

—

कोण ते? अंजनाबाई? काय म्हणतं? दगड? पुन्हा तिथंच अडकला? थांब वं, देतो निरोप, चढू नको अजून. देतो. एकदा बाण, दोन... नाही. त्यानं मधात बोटं घातली आता, कोणती ओळ कुठं गेली काय माहीत. एक का तीन? ही का ती? सारखेच मुंगळे दोन्हीकडं.

सायेब. ओ सायेब. जरा मागं या न. तुम्ही लिवा मंग काय लिवाचं ते, तारीख लिवा, टाइम लिवा, एवढी ओळ मातर वाचून द्या, वर चढली ती बाई—

गेला.

अंजने, उतर. उतर म्हणतो न. फावडं ठेव अन् खाली बस. नाही देत मी निरोप. काहून ते इचारू नको.